कोंबडा कुठं उतरला

परत आल्यापासून मंठ्यात मला धड दुकान उघडू देईनात. मोबाईल दुरुस्तीला आलेलं गिऱ्हाईक सुद्धा आधी विचारतंय, "काय म्हणले आबा? चिडले का?" आन् मग सांगतंय की डिस्प्ले फुटलाय. रोज रोज तेच सांगून माझी जीभ झिजली. म्हणून एकदाच लिहून काढतो. वाचा आन् मला सोडा.

ज्याला ठाऊक नाय त्याच्यासाठी आधी सांगतो. आबा पिंपरखेडकर म्हणजे आपल्या भागातले लई मोठे कथाकार. पुस्तकं ढीगभर लिहिली त्यांनी, पण माणसं त्यांना वळखतात पुस्तकात नसलेल्या एकाच गोष्टीवर. 'एसटीतला कोंबडा'. एक म्हातारा काखेत कोंबडा घेऊन लेकीकडं निघतो. कंडक्टर म्हणतो, कोंबड्याचं तिकीट काढ. म्हातारा म्हणतो, कोंबडा काय सीटवर बसलाय? तिथून जे भांडण पेटतं ते पेटतंच. एक बाई कोंबड्याच्या बाजूनं, एक मास्तर कंडक्टरच्या बाजूनं, कोंबडा ड्रायव्हरच्या डोक्यावर. शेवटाला कंडक्टर थकतो, तिकिटाची पेटी उघडतो आन् विचारतो, "बरं बाबा, कोंबडा उतरणार कुठं?" म्हातारा म्हणतो...

खट्.

संपली गोष्ट. मी लहानपणापासून अशीच ऐकली. उत्तमकाकाच्या हाटेलात आबांची कॅसेट लागायची, चहा उतू गेला तरी कुणी उठायचं नाय. पुढं कुणीतरी ती मोबाईलवर घेतली आन् साऱ्या तालुक्यात फिरली. मी आबांचा आवाज उचलला, तो ओढून बोलायचा हेल उचलला, श्वास उचलला. आन् शेवटचं 'खट्' पण उचललं, टाळूला जीभ लावून. गणपतीत, गॅदरिंगला, एकदा तर वरात अडवून माझ्याकडून कोंबडा करून घेतला होता. आमचे मराठीचे सर वर्गात म्हणायचे, "बघा, थोर लेखक कसा असतो. शेवट तुमच्यावर सोडून दिला."

अशात संभाजीनगरच्या एका वाचनालयातून वैद्य मॅडमचा फोन आला. आबांचा सत्कार हाय. आबा आता स्वतः गोष्ट सांगत नायत. तुम्ही त्यांच्या आवाजात सांगाल का?

"सांगू की," मी म्हणलं.

"ते समोरच बसलेले असतील हं."

आता बघा, आपल्याकडं नक्कल माणसाच्या पाठीमागं करायची असती. तोंडावर केली की तिचं नाव भांडण. मी हेडमास्तरची नक्कल करतो, पण हेडमास्तर दिसला की मी गुड मॉर्निंग करतो. आन् आबांबद्दल तर ऐकून होतो, कोण्या कॉलेजात एका पोरानं त्यांचा कोंबडा केला तर ते मधूनच उठून निघून गेले होते. हो म्हणून बसलो आन् त्या दिवसापासून पोटात कोंबडा शिरला.

सिडको ते गारखेडा

मंठा ते जालना, जालना ते संभाजीनगर, ह्या रस्त्याचं काय सांगायचं, तुम्ही सगळ्यांनी धूळ खाल्लेली हाय. सिडको बसस्टँडवर उतरलो आन् रिक्षात बसलो. आपल्याकडं रिक्षावाला आधी विचारतो कुणाच्या घरचा. इथला आरशातून विचारतो.

"मियाँ, पेट पकडके कायकू बैठे? दवाखाना जाना क्या?"

"नको, गारखेडा. प्रोग्राम है मेरा परसों."

"गाने का?"

"नक्कल का."

"किसकी?"

"जो सामने बैठेगा उसकीच."

त्यानं ब्रेकच मारला. मागं वळून माझ्याकडं नीट बघितलं. "अरे मारेगा ना वो तुमकू! बुढ्ढा है के जवान?"

"बुढ्ढा."

"फिर ठीक है. भागने का रस्ता देखके रखो."

हसायचं होतं, पण हसू येईना. इतर वेळी मी त्याचीच नक्कल त्याच्याच रिक्षात केली असती.

गारखेड्यात माझी आत्या राहती. तिच्या बिल्डिंगीत शेजारच्या दाराची बेल वाजवायची तरी आधी फोन करतात म्हणे. मी तीन मजले चढून दम खात उभा, तर आत्या दारातच, "सच्या, किती वाळलास रे! तुझी माय उपाशी ठेवती का काय?" भाकरी, पिठलं, ठेचा समोर आला. आत्याच्या हातचं पिठलं म्हणजे मी ताट चाटणारा माणूस, पण त्या दिवशी अर्धी भाकरी जाईना.

"भीती वाटायली आत्या."

"कशाची? गोष्ट पाठ हाय ना?"

"गोष्ट पाठ हाय. आबा पाठ नायत."

आत्या ताट उचलता उचलता म्हणली, "मग जाऊन पाया पड की आधी. मोठ्या माणसाची नक्कल करायची तर त्याला विचारून करावी. नायतर ते चोरी असतंय."

हे मला मंठ्यात सुचलं असतं तर आलोच नसतो.

उस्मानपुरा

सकाळी वैद्य मॅडमकडून पत्ता घेऊन उस्मानपुऱ्यात गेलो. मोठ्या दुकानांच्या मागं एक गल्ली, गल्लीत साधं बैठं घर, दारात कढीपत्त्याचं झाड. मला वाटलेलं लेखकाच्या घरी भिंतभर पुस्तकं, मोठी खुर्ची, पेन. इथं खुर्चीवर वाळायला टाकलेली चादर आन् आबा खाली सतरंजीवर मेथी निवडत बसलेले.

मी पाया पडलो. "आबा, मी मंठ्याचा सचिन. उद्या सत्कारात तुमचा कोंबडा..."

आबांनी वर बघितलं आन् बोलले. आन् मी गारच पडलो. आवाजच नव्हता. गळ्याचं ऑपरेशन झालेलं. कोरड्या हापशाचा दांडा हलवला की जसं घर्रघर्र येतं तसं यायचं, शब्द मागून यायचे.

"नकल्या का तू?"

"व्हय."

"कर."

"इथं?"

"मग काय मेथीला स्टेजवर नेऊ?"

उभा राहिलो. डोळे मिटले आन् आबांचा आवाज लावला, कॅसेटमधला, भरलेल्या रांजणासारखा. दोन वाक्यं झाली नसतील तर आतून त्यांच्या घरच्या माई धावत आल्या, हाताला कणीक. मला बघितलं, मग आबांना बघितलं.

"अगं बाई," म्हणल्या, "मला वाटलं, आवाज आला परत."

माई तिथंच दाराला टेकून उभ्या राहिल्या. मी पुढं करत गेलो. बाई, मास्तर, ड्रायव्हरच्या डोक्यावरचा कोंबडा. माई हसत होत्या, आबा मेथीची पानं खुडत होते. कंडक्टरनं पेटी उघडली. "बरं बाबा, कोंबडा उतरणार कुठं?" म्हातारा म्हणतो...

"खट्."

आबांचा हात थांबला.

"हे काय केलंस?"

"शेवट, आबा."

"कुणाचा?"

"तुमचाच. कॅसेटमधी..." आन् बोलता बोलताच माझ्या डोक्यात उजेड पडला. मोबाईल दुरुस्त करणारा माणूस मी. टेप संपली की बटन कसं उडतंय हे मला ठाऊक नसावं? पण आम्ही कधी तसा विचारच केला नाय. सगळ्या तालुक्याला ते खट् गोष्टीतलंच वाटायचं.

आबा हसायला लागले. हसणं पण घर्रघर्र. हसता हसता खोकला आला, माईंनी पाणी दिलं.

"त्या कॉलेजातल्या पोरानं पण हेच केलं होतं," ते म्हणले. "मला वाटलं मुद्दाम चिडवतंय. उठून आलो मी."

मग त्यांनी सांगितलं. थांबत थांबत, मध्ये पाणी पीत. कॅसेटची एक बाजू गोष्टीला पुरली नाय. दुसऱ्या बाजूला दुसरी गोष्ट ठरलेली. कंपनीवाला म्हणाला, आबा, हसू इथवरच हाय, पुढचं कशाला? आबा तेव्हा नवीन, व्हय म्हणले. कॅसेट गावोगाव गेली. आन् मग आबा जिथं कार्यक्रमाला जायचे तिथं 'कोंबडा उतरणार कुठं' आलं की माणसं टाळ्या वाजवून उठायची. चपला शोधायची. अध्यक्ष हार घेऊन पुढं यायचा.

"मी बोलत राहायचो," आबा म्हणले. "माईकवाला माईक बंद करायचा. त्याला वाटायचं मी आभार मानायलो."

"मग तुम्ही सांगायचं नाय का, बसा म्हणून?"

"सांगायचो की. ते म्हणायचे, वा आबा, काय विनोद! आन् आणखी टाळ्या." त्यांनी मेथीची जुडी बाजूला सारली. "मग सोडलं सांगायचं. अर्ध्या गोष्टीचा लेखक म्हणून कुठवर हार घालून घ्यायचे?"

"पुढं काय होतं आबा? कोंबडा कुठं उतरतो?"

त्यांनी मला सांगितलं. एकदाच. मी मोबाईल काढला रेकॉर्ड करायला तर म्हणले, "ठेव ते. एका मशीननं केलंय तेवढं बास." म्हातारा शहरात उतरतो, कोंबडा घेऊन लेकीच्या दारात जातो. दाराला कुलूप. शेजारीण सांगती, ती माणसं घर सोडून गेली, कुठं गेली ठाऊक नाय. म्हाताऱ्याला कुणी कळवलेलंच नसतं. तो परत बसस्टँडवर येतो, तीच एसटी, तोच कंडक्टर.

शेवट सांगून होईस्तोवर माईंच्या हातावरची कणीक वाळून गेली होती.

"उद्या करायचा तर सगळा कर," आबा म्हणले. "नायतर अर्ध्याला मी उठून घरी येतो. मला सवय हाय."

क्रांती चौकाकडं

माझी अडचण तुमच्या ध्यानात आली का? कोंबड्याची अर्धी गोष्ट मी झोपेत करीन, तिला आबांचा आवाज हाय. पुढचा भाग कुणाच्याच कानात नाय. नक्कल करायला काहीतरी लागतंय ना समोर! आरसाच नाय तर तोंड कशात बघू? आन् लोकं हसायला येणार, आन् मी त्यांना कुलूप दाखवणार.

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तवर गावात फिरलो. दुपारी नान-खलिया खायला बसलो, संभाजीनगरला जाऊन ते न खाता येणं म्हणजे जालन्याला जाऊन स्टेशन न बघण्यासारखं. नान पिवळाधमक, ताटाएवढा, आन् खलिया लालभडक, वर तेलाचा तवंग. आपल्याकडं मटण म्हणलं की काळा रस्सा आन् ज्वारीची भाकरी, जीभ भाजली तरच खरं. हे तसं नाय, मऊ, हळू तिखट. मला चव कळली ती इतकीच. बाकी सगळा वेळ मी तोंडातल्या तोंडात शेवट घोळत होतो. वाढणारा चाचा दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "भाई, किसकू ढूंड रहे?"

"लेक को," माझ्या तोंडून म्हाताऱ्याच्या आवाजात निघालं.

चाचा गुपचूप आणखी एक नान ठेवून गेला.

वाचनालयाचा हॉल क्रांती चौकापासून जवळ. मंठ्यात कार्यक्रम म्हणजे सतरंजी, लाऊडस्पीकर, समोर शेंगा खाणारी पोरं. इथं खुर्च्यांना पांढरे कपडे घातलेले, लग्नातल्यासारखे. आपल्याकडं माणूस हसला की शेजारच्याच्या पाठीत धपाटा घालतो. इथं नाकातून हसतात. मला ते पडद्याच्या फटीतून दिसत होतं. आत्या चौथ्या रांगेत जरीची साडी नेसून बसलेली. पहिल्या रांगेत मधोमध आबा, बाजूला माई.

मी वैद्य मॅडमला गाठलं. "मॅडम, गोष्ट थोडी मोठी हाय. 'कोंबडा उतरणार कुठं' झाल्यावर पुष्पगुच्छ आणू नका."

"अरे, पण तिथंच तर संपते ना! मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे."

"संपत नाय मॅडम."

त्या प्रेमानं माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणल्या, "घाबरू नको. छान होईल." म्हणजे ऐकलंच नाय.

सुरू केलं. आबांचा आवाज हॉलमध्ये भरला तेव्हा खुर्च्यांमधून एक 'आहा' आलं. लोकं आबांकडं बघायची, मग माझ्याकडं. बाई आली, हशा. मास्तर आला, हशा. कोंबडा ड्रायव्हरच्या डोक्यावर गेला तेव्हा नाकातून हसणारे पण तोंडातून हसायला लागले. मला आयुष्यात इतकं कुणी हसलं नव्हतं. आन् जितकं हसू वाढायला लागलं तितकी ती जागा जवळ येत होती.

"बरं बाबा," मी म्हणलं, "कोंबडा उतरणार कुठं?"

मी खट् केलं नाय. हॉलनंच केलं! सगळ्या खुर्च्यांतून, टाळूला जीभ लावून, "खट्!" आन् टाळ्या. लोकं उभी राहिली. आत्या पण उभी, डोळे पुसत हसत होती. वैद्य मॅडम पुष्पगुच्छ घेऊन स्टेजवर, माईकवर, "अप्रतिम! आता सर्वांनी चहासाठी..."

मी खाली बघितलं. पहिल्या रांगेत आबांनी काठीवर हात ठेवला होता, उठायला.

खरं सांगतो, पुष्पगुच्छ माझ्या हातात आला होता. घ्यायचा, वाकायचं, घरी यायचं. कुणाला काय कळणार होतं? मी तो मॅडमच्या हातात परत दिला.

"बसा की!" मी ओरडलो. आबांच्या आवाजात नाय, घशातून जे निघालं ते निघालं, दुकानात लाईट गेल्यावर ओरडतो तसं. "बसा! म्हाताऱ्याला अजून उतरायचंय!"

अर्धे हसले. त्यांना वाटलं पुढचा विनोद हाय. पण हसायला तरी बसले. माईकवाल्याचा हात बटनाकडं चालला होता, मी त्याच्याकडं असं बघितलं की तो खिशात गेला.

मी सांगायला लागलो. म्हातारा शहरात उतरला. गल्ली विचारत गेला. पहिल्यांदा दोन-तीन जण हसत होते, कुलूप आलं तसे थांबले. शेजारीण काय म्हणली ते सांगितलं. म्हातारा परत बसस्टँडवर आला, तीच एसटी, तोच कंडक्टर. हॉल इतका गप्प झाला की मी घाबरलो. हशा नसला की मला कळतच नाय माणसं हायत का गेली. आन् त्या घाईत माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हातारा सीटवर बसला आन् ढसाढसा रडला..."

"रडला नाय!"

पहिल्या रांगेतून. घर्रघर्र. आबा काठीवर उभे राहिलेले.

सगळा हॉल त्यांच्याकडं वळला. मला वाटलं संपलं, आता निघाले. कसाबसा म्हणलो, "मग काय केलं आबा त्यानं?"

माईकवाला, ज्याला मी मघाशी डोळे वटारले होते, तोच उडी मारून खाली गेला आन् माईक आबांच्या तोंडापुढं धरला. आबांनी तो हातानं बाजूला केला. तसंच बोलले, त्या कोरड्या आवाजात. मागच्या रांगेतली माणसं पुढं झुकली, कानाला हात लावले.

"त्यानं उपरणं काढलं आन् कोंबड्यावर घातलं. खिडकीतून ऊन येत होतं." श्वास घेतला. "कंडक्टर आला. त्यानं म्हाताऱ्याचं तिकीट फाडलं. कोंबड्याचं मागितलं नाय. शेजारी बसला." पुन्हा श्वास. माईंनी त्यांचा दंड धरला. "म्हणला, बाबा, उपरणं काढा की. ओरडू द्या त्याला. कुणी काय बोलणार नाय आता."

आबा थांबले.

"कोंबडा गावापर्यंत गप्प होता," आबा म्हणले.

टाळी वाजली नाय. कुठं खुर्ची सरकली नाय. आबांनी काठीवर भार देऊन हळूच मागं वळून बघितलं. कुणीच उठलं नव्हतं.